पाणीपाळीवरची वीज: बालाघाटच्या कडेवरच्या एका लहान संचाच्या प्रकल्प नोंदी

11 फेब्रुवारी 2024

रब्बीची शेवटची पाणीपाळी, म्हणजे शेतांना पाळीपाळीने पाणी सोडणं, चालू आहे. आज पाटकरी मामांबरोबर घाटाखालच्या चेंबरपाशी गेलो. वरच्या पठारावरच्या साठवण तलावातून निघालेली पाइपलाइन बालाघाटाची कड उतरून या चेंबरमध्ये येते आणि इथून चाऱ्यांना पाणी सुटतं. चेंबरच्या तोंडाशी व्हॉल्व्ह आहे. तो कायम अर्धवट आवळलेला ठेवावा लागतो, नाहीतर पाणी चेंबरची भिंत फोडेल. त्या अर्धवट आवळण्यात काय होतं ते आवाजावरूनच कळतं. घाटाच्या निम्म्या वाटेवरून घरघर ऐकू येते. मामांनी गेल्या वर्षी काढलेली व्हॉल्व्हची जुनी चकती दाखवली. बिडाची, तळहाताएवढ्या भागात मुंग्यांनी खाल्ल्यासारखी छिद्रं पडलेली. दाब एकाएकी कमी झाला की पाण्यात वाफेचे बुडबुडे तयार होतात आणि ते धातूला चिकटून फुटतात, त्याच्या या खुणा. समोरच्या भिंतीचं सिमेंटही निघून आतली खडी उघडी पडली आहे.

मी सगळी नोकरी विजेच्या कामात काढली. उमेदवारी येलदरीच्या वीजघरात झाली, तिथे पूर्णा नदीवर साडेसात मेगावॅटचे तीन संच आहेत. तिथलं पाणी टर्बाइनमधून उतरतं, खाली सिद्धेश्वर धरणात जमा होतं आणि तिथून कालव्याने शेतात जातं. म्हणजे विजेसाठी म्हणून वेगळं पाणी लागत नाही. शेताला जाणारं पाणीच वाटेत काम करून जातं. आमच्या चेंबरमध्ये तेच काम व्हॉल्व्हची चकती आणि सिमेंटची भिंत खाण्यात चाललं आहे. ते थांबवून त्याची वीज करायची, हा या नोंदींचा विषय.

25 फेब्रुवारी 2024

मोजणी झाली. गावातल्या एका मुलीने आयटीआयला वायरमनचा कोर्स केला आहे, ती पाणी वापर संस्थेच्या अध्यक्षांची, म्हणजे आप्पांची, पुतणी. लेव्हलचं काम तिच्याकडून करून घेतलं, कारण पुढे संच तिनेच चालवायचा आहे.

तलाव काठोकाठ असेल तेव्हा पाण्याची पातळी चेंबरपासून 51 मीटर वर. विमोचकाच्या, म्हणजे तलावातून पाणी सोडायच्या दाराच्या, तळापर्यंत आला की 45. मधला आकडा 48 धरला. पाइप 250 मिलिमीटरचा एचडीपीई, म्हणजे जाड प्लॅस्टिकचा, लांबी साधारण 900 मीटर.

प्रवाह मोजायला चेंबरच्या बाहेर 90 अंशाची त्रिकोणी खाच असलेला पत्रा बसवला. खाचेवरून पडणाऱ्या पाण्याची उंची मोजली की प्रवाह काढता येतो. उंची 21.6 सेंटिमीटर भरली की सेकंदाला 30 लिटर. संस्थेला पाणी घनमापनाने मिळतं, 2005 च्या कायद्यापासून तशीच पद्धत आहे, त्यामुळे हा पत्रा पुढेही उपयोगी पडेल. आप्पांनी त्याचे पैसे लगेच मंजूर केले.

हिशेब असा. पाइपच्या घर्षणात अडीच-तीन मीटर जातात, उरले 45. पाण्याची ताकद 9.81 × 0.030 × 45 म्हणजे 13.2 किलोवॅट. यंत्राची कार्यक्षमता 70 टक्के आणि जनित्राची 87 धरली तर हातात 8 किलोवॅट. आकडा छोटा आहे, पण पाणीपाळीत पाणी दिवसरात्र चालतं. दिवसाला 190 युनिटं होतात.

आणखी एक आकडा वहीत मोठ्या अक्षरात लिहिला: एका युनिटला साडेतेरा हजार लिटर. आमच्या भागात उन्हाळ्यात पाण्याचा हिशेब टँकरात होतो. बारा हजार लिटरचा एक टँकर घाट उतरला तरी एक युनिट पुरतं होत नाही. नुसत्या विजेसाठी या तलावातलं पाणी काढावं असं कोणी सुचवलं तर त्याला हा आकडा दाखवायचा.

10 मार्च 2024

मारुतीच्या पारावर संस्थेची बैठक. वरच्या आळीतले बप्पा पहिल्यापासून गप्प बसून होते. माझं बोलून झाल्यावर म्हणाले, "साहेब, पाण्यातली वीज तुम्ही काढून घेतल्यावर त्या पाण्यात ऱ्हातंय काय? पिकाला लागंल का ते?"

दोन पोरं हसली. मला तो प्रश्न हसण्यासारखा वाटला नाही. ज्याचं सगळं वर्ष दोन पाणीपाळ्यांवर उभं आहे, त्याने पाण्याला कोणी हात लावला की विचारायलाच हवं. मी सांगितलं, पाण्यातून आपण फक्त वरून खाली पडण्याचा जोर घेतो. तो जोर आजही शेतात पोचत नाही, चेंबरच्या भिंतीवर आपटून संपतो. पिकाला लागतं ते पाणी, त्यातला एक थेंबही कमी होत नाही. बप्पा म्हणाले, "मग दाखवा." ठरलं ते असं: संच बसायच्या आधी आणि नंतर खाचेवरची उंची बप्पांनी स्वतः मोजायची. उंची घटली तर संच बंद.

बैठकीत तीन गोष्टी ठरावात घातल्या. पाणी सोडायचं वेळापत्रक संस्थाच ठरवेल आणि विजेसाठी ते एका तासानेही बदलणार नाही. संच बिघडला तरी बाजूच्या पाइपने पाणी चालूच राहील. पिण्यासाठी राखलेल्या साठ्याला संचाचा संबंध नाही.

तिसरा मुद्दा बायकांनी लावून धरला. इथून परळी लांब नाही. 2013 च्या फेब्रुवारीत पाणी नाही म्हणून तिथलं औष्णिक वीज केंद्र बंद ठेवावं लागलं होतं, आणि 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. पाणी संपणं म्हणजे काय हे इथे कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

सोलर का नाही, असंही एकाने विचारलं. सोलर जरूर लावावं, पण पाणीपाळी रात्रीही चालते आणि तो जोर रात्रीही वायाच जातो.

24 मार्च 2024

यंत्राची निवड. इतक्या लहान कामासाठी मुद्दाम टर्बाइन बनवून घ्यायचं तर खर्च आवाक्याबाहेर जातो. पुढे एखादा भाग बिघडला तर तो कुठून आणायचा हा वेगळा प्रश्न. त्यामुळे साधा सेंट्रीफ्यूगल पंप उलटा चालवायचा ठरवलं. डिलिव्हरीच्या बाजूने पाणी आत, सक्शनच्या बाजूने बाहेर, इंपेलर उलटा फिरतो आणि मोटारीचं जनित्र होतं.

पंप आणि टर्बाइन ही सख्खी भावंडं आहेत, हे मराठवाड्याला नवीन नाही. पैठणला नाथसागराच्या पायथ्याशी 12 मेगावॅटचा जो संच आहे तो दोन्ही कामांसाठीच बनवलेला आहे: पाणी खाली सोडून वीज करायची आणि उलटा फिरवून तेच पाणी पुन्हा धरणात चढवायचं. आपण बाजारात मिळणाऱ्या पंपाकडून त्यातलं एकच काम घेतोय.

पण 30 लिटर आणि 45 मीटरचं काम आहे म्हणून 30 लिटर आणि 45 मीटरचा पंप आणला, असं चालत नाही. उलटा चालताना पंपाला जास्त पाणी आणि जास्त उंची लागते. कार्यक्षमता 72 टक्के धरून गणित केलं तर पंप म्हणून त्याची सर्वोत्तम जागा 23 लिटर आणि 30 मीटरच्या आसपास हवी. दुकानदाराला हे पटवायला वेळ लागला. तो म्हणत होता, एवढ्या उंचीला हा पंप कमी पडेल. शेवटी कंपनीच्या आलेखातल्या वक्रावर बोट ठेवून जागा दाखवली आणि तोच घेतला, सोबत 15 अश्वशक्तीची चार पोलची मोटार.

14 एप्रिल 2024

पायाची खोदाई चालू. वर हातभर मुरूम, खाली मांजऱ्या (कच्चा खडक), त्याखाली काळा पाषाण. पाषाण लागला तिथे थांबलो, यंत्राच्या ओट्याला याहून चांगला पाया कुठला मिळणार. पण हाच पाषाण अर्थिंगला आडवा आला. खडकात खड्डा घेऊन कोळसा-मीठ भरलं तरी रोध खाली येईना. अखेर खालच्या चारीच्या कडेला, जिथे काळी माती पुरुषभर खोल आहे आणि ओल टिकते, तिथपर्यंत तांब्याची पट्टी नेऊन दोन खड्डे केले. आता मीटरवर समाधानकारक आकडा येतो.

19 मे 2024

काल वळीव झाला. विजा कडाडत होत्या. पठाराच्या कडेवर एक लिंब उभा चिरला. वीजघराच्या पत्र्याला आणि पॅनेलला वीजरोधक आधी बसवायचे, बाकी वायरिंग नंतर. वायरिंगवाल्याला तसं सांगितलं.

16 जून 2024

पेरण्या सुरू. काम बंद. माणसंच नाहीत.

8 सप्टेंबर 2024

पोळ्याच्या आदल्या दिवसापासून जो पाऊस लागला त्यात तलाव भरला. सांडव्यावरून पाणी पडतंय. गेल्या वर्षी तो निम्माही भरला नव्हता, त्यामुळे गावातली सगळी पोरंठोरं सांडवा बघायला आली. मी मात्र विमोचकाच्या तोंडाकडे बघत होतो. बाभळीच्या शेंगा, पऱ्हाट्या, प्लॅस्टिकच्या पिशव्या, खताची पोती, सगळं ओढ्याने आणून त्याच कोपऱ्यात साठवलंय. व्हॉल्व्हला याचा फारसा त्रास नव्हता. पंपाच्या इंपेलरमध्ये बाभळीची एक काटकी अडकली तरी काम थांबेल.

जाळी दोन पदरी करायची. बाहेर तीन बोटं अंतराच्या उभ्या सळया, आत बारीक जाळी. सळया उभ्याच हव्यात, म्हणजे दाताळ्याने वरून ओढून कचरा काढता येतो. आडव्या पट्ट्या मारल्या की दाताळं अडतं. जाळी पात्यासारखी सरळ उभी न ठेवता तिरकी ठेवायची, कचरा आपोआप वर सरकतो.

17 सप्टेंबर 2024

मुक्तिसंग्राम दिन. शाळेत झेंडावंदन झालं आणि तिथूनच सगळे घाटाखाली आले. आज पाइप भरायचा होता.

पाइप भरणं हे सगळ्यात धीराचं काम. पाणी एकदम सोडलं तर आतली हवा कोंडते, चेपते आणि पुढे कुठेतरी तडाखा देते. वरचा व्हॉल्व्ह दोन आट्यांपलीकडे उघडायचा नाही, असं ठरवलं होतं. कडेच्या वळणावर हवेचा व्हॉल्व्ह आहे. तिथे पुतणीला उभं केलं. आधी नुसती हवा फुसफुसत राहिली, मग पाण्याचे फटकारे, मग एकदाची धार सरळ आली आणि व्हॉल्व्ह आपोआप बसला. तिने वरून हात केला. खाली दाबाच्या घड्याळाचा काटा चढत चढत चौरस सेंटिमीटरला 5.1 किलोवर थांबला. म्हणजे 51 मीटर, मोजणी बरोबर.

पाण्याच्या धक्क्याबद्दल इथे लिहून ठेवतो, कारण संच चालवणाऱ्याने हे पाठ करायला हवं. पाइपातलं पाणी सेकंदाला पाऊण मीटरहून थोड्या जास्त वेगाने चाललेलं असतं. ते एकदम अडवलं की दाबाची लाट पाइपातून वर जाते आणि परत येते. एचडीपीईमध्ये ती सेकंदाला साधारण 300 मीटर जाते, म्हणजे जाऊन यायला सहा सेकंद. सहा सेकंदांच्या आत व्हॉल्व्ह बंद केला तर 24 मीटरचा जादा दाब पाइपवर येतो, 51 वर 24, म्हणजे साडेसात किलो. आपला पाइप सहा किलोचा आहे. म्हणून व्हॉल्व्ह चाकाचा, आट्यांचा ठेवला आहे. दांडीवर पाव फेरा मारून बंद होणारा व्हॉल्व्ह या ओळीत कधीही बसवायचा नाही, कितीही स्वस्त मिळाला तरी.

20 ऑक्टोबर 2024

पॅनेल आलं. विद्युत भार नियंत्रक, कपॅसिटर आणि हीटर यांची जुळणी केली. महावितरणच्या लाइनला हा संच जोडलेला नाही, तो स्वतंत्र चालतो. साध्या मोटारीचं जनित्र करायचं तर तिला चुंबकत्व उभं करायला कपॅसिटर लागतात, आपल्या मोटारीला 7 केव्हीएआरच्या (कपॅसिटरची ताकद मोजायचं माप) आसपास.

वेग कसा सांभाळायचा, हा पुढचा प्रश्न. येलदरीला गव्हर्नर होता. भार कमी झाला की तो टर्बाइनची पाती मिटून पाणी कमी करायचा. इथे पाण्याला हात लावायचा नाही, शेताला ठरलेलं पाणी ठरलेलंच जायला हवं. म्हणून उलटी रीत: पाणी कायम एकसारखं, वीजही कायम तेवढीच, आणि गावाने वापरून उरलेली सगळी वीज हीटरमध्ये जाते. गिरणी बंद झाली की नियंत्रक तेवढा भार क्षणात हीटरवर टाकतो, वेग हलत नाही. पाणी वापर संस्थेच्या ठरावाला हीच रचना शोभते.

हीटर पाण्याच्या टाकीत बुडवले आहेत.

24 नोव्हेंबर 2024

रब्बीची पहिली पाणीपाळी. आज संच पाण्यावर चालवला.

आधी बाजूचा पाइप उघडून चाऱ्यांना पाणी दिलं. बप्पांनी पट्टी धरून खाचेवरची उंची मोजली आणि खडूने भिंतीवर लिहिली, 21.6. मग संचाचा व्हॉल्व्ह एकेक आटा उघडायचा आणि बाजूचा तेवढाच मिटायचा. पंप उलटा फिरायला लागला. वेग आला, पण व्होल्टमीटरचा काटा जागचा हलेना. मोटार दुकानात बरेच दिवस पडून होती, आतलं उरलंसुरलं चुंबकत्व गेलेलं. ट्रॅक्टरची 12 व्होल्टची बॅटरी आणली, संच थांबवून तारांची टोकं दोन-तीन सेकंद वाइंडिंगला लावली आणि काढून घेतली. पुन्हा फिरवला. काटा थरथरला, शंभरवर रेंगाळला आणि मग सरळ 415 ला गेला. हर्ट्झ 51. नियंत्रकाने हीटर घेतले, टाकीतलं पाणी सणसणायला लागलं.

मला त्यापेक्षा मोठी गोष्ट वाटली ती आवाजाची. चेंबरमधली घरघर थांबली होती. पाणी खालच्या पाइपातून मुकाट्याने वर येऊन खाचेवरून पडत होतं.

बप्पांनी पुन्हा पट्टी धरली. 21.6. आणखी एकदा मोजलं. मग चारीत उतरून पाण्यात हात घालून उभे राहिले आणि म्हणाले, "पाणी हाय तसंच हाय. चालू ठिवा."

15 डिसेंबर 2024

हा संच कशासाठी, हे आज प्रत्यक्ष दिसलं. बचत गटाची डाळ मिल वीजघरापासून दोन शेतं अलीकडे आहे. तूर डिसेंबर-जानेवारीत खळ्यावर येते आणि पाणीपाळीही याच महिन्यांत चालते. वीज आहे तेव्हा काम आहे आणि काम आहे तेव्हा वीज आहे. शेतीच्या फीडरला थ्री-फेज आठ तास आणि तीही आळीपाळीने रात्रीची, म्हणून बायकांना थंडीत रात्री मिल चालवावी लागायची.

डाळ मिलची मोटार तीन अश्वशक्तीची, म्हणजे सव्वादोन किलोवॅट. आठ किलोवॅटच्या संचाला ती जड जाऊ नये असं वाटतं. पण थेट स्टार्टरने चालू केली की पहिल्या क्षणी मोटार सहापट करंट ओढते आणि ते आपल्या जनित्राला झेपत नाही. चाचणीत तेच दिसलं: बटण दाबताच व्होल्टेज कोसळलं, दिवे गेले, जनित्र रिकामं फिरायला लागलं. साध्या मोटारीच्या जनित्राचा हा गुण आहे आणि दोषही. जास्त भार आला की ते स्वतःहून वीज बनवणं सोडतं, जळत नाही. पण त्याबरोबर चुंबकत्वही जातं आणि पुन्हा बॅटरी लावावी लागते. त्यामुळे मिलला ड्राइव्ह बसवला आहे, मोटार हळूहळू वेग घेते. बॅटरीसाठी पॅनेलवरच एक बटण दिलं आहे.

30 डिसेंबर 2024

वेळा अमावस्या. सगळं गाव शेतात, भज्जी आणि आंबिलीला. मिल बंद, गिरणी बंद, गावातले पंपही बंद. पाणी मात्र गव्हाला आणि हरभऱ्याला चालूच, कारण पाणीपाळीला अमावस्या नसते. आठच्या आठ किलोवॅट हीटरवर. दुपारी टाकीतलं पाणी उकळायला आलं. तेव्हा हीटरच्या टाकीत बाहेरून ताज्या पाण्याची बारीक धार कायम चालू ठेवायची, असा नियम केला. हीटर उघडा पडून जळाला तर भार एकदम सुटेल.

भार सुटला तर काय होईल, हे मुद्दाम करून पाहायचं होतं. आज गिऱ्हाईक कोणी नव्हतं, म्हणून आजच केलं. बाजूचा पाइप अर्धा उघडा ठेवला आणि मुख्य स्विच पाडला. वेग चढला. आमच्या या जातीच्या पंपात वेग चढला की इंपेलर पाण्याला आतून मागे रेटतो, त्यामुळे प्रवाह कमी होतो आणि पाइपातला दाब वाढतो. घड्याळाचा काटा 4.7 वरून 5.6 ला जाऊन परतला. सहाच्या खाली राहिला, पण बाजूचा पाइप पूर्ण बंद असता तर काय झालं असतं याचा अंदाज आला. आता बाजूच्या पाइपवर दाबाने उघडणारा व्हॉल्व्ह बसवतोय, साडेपाचला उघडेल असा. माणसाच्या हातावर हे सोपवता येणार नाही.

मग आम्हीही शेतात जेवायला गेलो.

19 जानेवारी 2025

मिल जोरात. बदनापूरची बीडीएन 711 ही पांढरी, लवकर येणारी तूर इथे बऱ्याच जणांनी घेतली होती, तीच आधी आली. आता लाल येतेय. तूर रोलरवरून काढून ओरखडायची, तेल-पाणी द्यायचं, रात्रभर मुरू द्यायची, उन्हात वाळवायची आणि मग भरडायची. शंभर किलोला सत्तर किलोच्या आसपास डाळ, वर चुनी गुरांना. यंदा तुरीचा हमीभाव 7,550 रुपये आहे आणि बाजार त्याच्या आसपासच घुटमळतोय. घरची तूर घरीच डाळ करून विकली तर चार पैसे जास्त राहतात, हा बायकांचा हिशेब. आकारणी संस्था युनिटमागे करते, त्यातून पुतणीचा पगार आणि देखभालीचा निधी निघतो.

हीटरच्या टाकीचं गरम पाणी सकाळी तेल-पाणी द्यायला आणि भांडी धुवायला जातं. कोणी सांगितलं नव्हतं. टाकीच्या खालच्या अंगाला एक तोटी बायकांनी बसवून मागितली, बसवली.

रोजच्या वहीत पुतणी पाच आकडे लिहिते: दाब, व्होल्ट, हर्ट्झ, हीटरवरचा भार आणि खाचेवरची उंची. परवा रात्री दाब नेहमीसारखाच होता पण उंची 20.9 वर आली होती. तिने फोन करून सांगितलं, "काका, दाब हाय पण पाणी कमी हाय, म्हणजे जाळी नसंल, खालीच काहीतरी अडकलंय." जाळी तुंबली असती तर दाबही पडला असता, हा तिचा तर्क बरोबर होता. बाजूच्या पाइपने पाणी चालू ठेवून झाकण उघडलं. इंपेलरच्या तोंडाशी बारीक शिंपल्यांचा आणि शेवाळाचा गोळा. आतल्या जाळीच्या एका कोपऱ्यात सांध्याला फट होती, तिथून आलेला. फट बुजवली.

23 फेब्रुवारी 2025

पाणीपाळी संपत आली. तलावाची पातळी चार मीटरने उतरली आहे, त्यामुळे वीज साडेसात किलोवॅटच्या खाली आली. उंची कमी झाली की उलट्या पंपाची कार्यक्षमता लगेच घसरते. खऱ्या टर्बाइनमध्ये पाती फिरवून ती सावरता येते, पंपात ती सोय नाही. स्वस्ताईची ही किंमत आहे आणि ती आम्ही समजून स्वीकारली आहे.

दुसऱ्या गावाचे लोक पाहायला आले होते. त्यांना सांगितलं, आधी पाइपच्या शेवटी आवळलेला व्हॉल्व्ह आहे का बघा. तो असेल आणि घरघरत असेल तर विचार करा. नसेल तर वीज करायला तिथे काही नाही. नुसती धबधब्याची उंची पाहून यायला ठीक, पण आपल्याकडचे धबधबे दिवाळीनंतर कोरडे पडतात.

16 मार्च 2025

संस्थेची बैठक. खालच्या काही उसवाल्यांनी उन्हाळी पाणीपाळी मागितली आणि एकाने जोडून सांगितलं, "त्यानिमित्तानं वीजबी व्हईल." आप्पांनी ठराव वाचून दाखवला. उरलेला साठा जूनअखेरपर्यंत तीन गावांच्या पिण्याला आणि जनावरांना ठेवायचा, वरून ऊन किती पाणी उडवतं ते वेगळंच. मीही हात वर केला. विजेच्या नावाने पाणी सुटायला लागलं तर हा संच गावाच्या उपयोगाचा राहणार नाही. मागणी मागे घेतली गेली. संच आज बंद.

30 मार्च 2025

उघडून तपासणी. इंपेलर स्वच्छ, कडा शाबूत, कुठेही छिद्रं नाहीत. जुन्या चकतीशेजारी ठेवून फोटो काढला. ग्लँडची दोरी बदलायची. पुढच्या बाजूच्या बेअरिंगला किंचित आवाज आहे, ते काढून नवीन घालायचं, लातूरहून दोन आणायची, एक शिलकीत. पाइप रिकामा न करता भरलेलाच ठेवायचा, उन्हात रिकामा एचडीपीई वाकतो. उघडा पडलेला तीसेक मीटरचा भाग मुरुमाने झाकून घ्यायचा. मोटारीच्या वाइंडिंगचा इन्सुलेशन रोध जूनमध्ये आणि पुन्हा सप्टेंबरात मोजायचा. कपॅसिटरपैकी एकाचं टोपण फुगलं आहे, बदलायला सांगितलं. दाबाचा व्हॉल्व्ह साडेपाचला उघडतो का, ते हातपंपाने दाब देऊन पाहिलं, उघडला. चेंबरच्या खराब झालेल्या भिंतीला गिलावा एप्रिलमध्ये, कोरडं आहे तोवर. बप्पांनी गवंडी सांगून ठेवला आहे.